भात खाऊन वजन उतरवणाऱ्यांचे गाव

१/
“वजन उतरवायचे आहे? मग आधी भात सोडा.” महाराष्ट्रातील घराघरांत हा सल्ला इतका मुरलेला आहे की त्याचा पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मात्र विसाव्या शतकात अमेरिकेतील एका लहानशा शहरात लठ्ठपणाने त्रासलेली माणसे दूरदूरहून येत, महिनोन्‌महिने मुक्काम करीत आणि रोज पांढरा भात खाऊन पन्नास-साठ किलोंनी हलकी होऊन परत जात. त्या भाताची, तो लिहून देणाऱ्या वैद्याची आणि त्याच पांढऱ्या तांदळाने त्यापूर्वी घेतलेल्या हजारो बळींची ही हकीकत. #धागा

२/
भाताविषयीचा संशय आधुनिक आहारशास्त्राहून जुना आहे. फ्रेंच न्यायाधीश आणि खवय्या ब्रिया-सावारँ याने १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या खाद्यविषयक ग्रंथात लठ्ठपणाचे खापर पिठूळ व पिष्टमय पदार्थांवर फोडले. तेवढ्यावर तो थांबला नाही. भातासारख्या अन्नाने शरीराबरोबर धैर्यही मऊ पडते, आणि जो येईल त्याची सत्ता मान्य करणारे भातखाऊ हिंदी लोक हा त्याचा दाखला, असेही त्याने नोंदवून ठेवले. पानिपतावर आणि असईला लढलेल्या फौजांची शिधापत्रके त्याच्यासमोर नसावीत.

३/
पुढे १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग याने एक छोटी पुस्तिका काढली. हा गृहस्थ प्रतिष्ठितांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड. जिना उतरताना त्याला उलटे उतरावे लागे. ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या वैद्याकडे गेला. हार्वेने त्याची पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात वजन ४६ पौंडांनी उतरले. पुस्तिका इतकी गाजली की ‘बँटिंग करणे’ हा इंग्रजीत आहारनियंत्रणाला प्रतिशब्द झाला आणि स्वीडिश भाषेत तर ‘बांता’ हे क्रियापद आजही त्याच अर्थाने वापरले जाते. त्याच्या वर्ज्य यादीत भाताचे नावसुद्धा नव्हते. लंडनच्या मध्यमवर्गाच्या ताटात तो होताच किती? परंतु ‘पिष्ट म्हणजे चरबी’ हे समीकरण तिथून जगभर गेले आणि ज्या प्रदेशात पिष्ट म्हणजे भात, तिथे ते भाताला चिकटले.

४/
येथे कोणी आयुर्वेदाचा हवाला देईल, तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय वाचण्याजोगा आहे. अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचाही आहार त्यात दिला आहे. स्थूलासाठी सावा, राळा, जव, कोद्रा, मूग, कुळीथ. कृशाला पुष्ट करण्यासाठी ऊस, शाली म्हणजे भात, उडीद आणि गहू. म्हणजे पुष्टीकारक यादीत भात आणि गहू शेजारी शेजारी बसले आहेत. ‘भात सोडून पोळी खा’ हा सल्ला चरकाचा नव्हे. शिवाय धान्य नवे की जुने, यावरही त्याचा कटाक्ष आहे. नवे धान्य जड, वर्षभर साठवलेले हलके. जुन्या तांदळाला जास्त दाम मोजणाऱ्या गृहिणींना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

५/
आता डरहॅमकडे वळू. हे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील तंबाखूच्या कारखान्यांचे गाव. तेथील ड्यूक विद्यापीठात १९३४ मध्ये वॉल्टर केम्पनर नावाचा एकतीस वर्षांचा जर्मन ज्यू डॉक्टर दाखल झाला. हिटलर सत्तेवर येऊन वर्ष लोटले होते आणि बर्लिनमध्ये ज्यू संशोधकांना जागा उरली नव्हती. केम्पनर यांचे घराणेच विलक्षण. आई लिडिया राबिनोविच-केम्पनर या क्षयरोगावर काम करणाऱ्या नामवंत जंतुशास्त्रज्ञ, रॉबर्ट कॉख यांच्या सहकारी. थोरले बंधू रॉबर्ट हे पुढे न्युरेंबर्ग खटल्यात नाझींविरुद्ध अमेरिकेच्या वतीने उभे राहिले. स्वतः वॉल्टर यांनी नोबेलविजेते ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या श्वसनाचा अभ्यास केला होता.

६/
ड्यूकमध्ये त्यांनी मूत्रपिंडाच्या पेशींवर प्रयोग सुरू केले. प्राणवायू कमी पडला की या पेशींना काही पदार्थांचे विघटन नीट करता येत नाही, असे त्यांना आढळले. यावरून त्यांनी एक तर्क बांधला. आजारी मूत्रपिंडाला विश्रांती द्यायची असेल, तर त्याच्याकडे येणारे प्रथिनांचे आणि मिठाचे काम शक्य तितके कमी करावे. मग रुग्णाने खायचे काय? ज्यात प्रथिने थोडी पण चांगल्या प्रतीची, चरबी जवळजवळ नाही आणि मीठ नाममात्र, असे पोट भरणारे अन्न हवे. उत्तर होते तांदूळ.

७/
या तर्कामागची निकड समजण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. उच्च रक्तदाबावर तेव्हा परिणामकारक औषधच नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना देशातील उत्तमोत्तम डॉक्टर उपलब्ध होते. तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते कोसळले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. रक्तदाब वाढत जाऊन डोळ्यांचा पडदा सुजला, त्यात रक्त उतरले, की रुग्णाच्या हाती बहुधा काही महिनेच उरत. केम्पनर यांच्याकडे येणारे रुग्ण या पायरीवरचे होते. वजन उतरवण्याची हौस घेऊन तेथे कोणी येत नव्हते.

८/
आहार असा होता. दिवसाला कोरडा तांदूळ सुमारे २५० ते ३५० ग्रॅम, तो पाण्यात किंवा फळांच्या रसात शिजवलेला. मीठ नाही, दूध नाही, तूप-तेलाचा थेंब नाही. सोबत फळे, फळांचे रस आणि साखर. एकूण सुमारे २००० कॅलरी, त्यात प्रथिने जेमतेम २० ग्रॅम आणि चरबी ५ ग्रॅमच्या आत. साखर पाहून आजचा वाचक दचकेल. ती मुद्दाम होती. मूत्रपिंडाचे रुग्ण आधीच खंगलेले असत. त्यांचे वजन घटू नये, अंगातील प्रथिने जळू नयेत, म्हणून हवी तितकी साखर घालून कॅलरी भरून काढल्या जात.

९/
हा तपशील या सबंध कथेची किल्ली आहे. तोच भात एका रुग्णाचे वजन टिकवण्यासाठी दिला जात होता आणि पुढे दुसऱ्याचे वजन घटवण्यासाठी दिला गेला. बदलले ते प्रमाण.

१०/
केम्पनर सुरुवातीला हा आहार थोड्या दिवसांपुरताच देत. इतक्या अल्प प्रथिनांवर माणूस फार काळ तग धरणार नाही, असे त्यांनाही वाटे. १९४२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील तेहेतीस वर्षांची एक स्त्री मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने त्यांच्याकडे आली. दोन आठवडे भात-फळे खाऊन परत ये, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, तिचा समज वेगळा झाला. ती परतली दोन महिन्यांनी, तोवर भातावरच राहून. तिची प्रकृती ढासळलेली असेल अशी भीती होती. तपासणीत दिसले ते उलटेच. रक्तदाब खाली आला होता, वाढलेले हृदय आकाराने लहान झाले होते आणि डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव नाहीसे झाले होते.

११/
योगायोग असा की त्याच १९४२ साली मार्च महिन्यात रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाच्या तांदळावर विसंबलेल्या मुंबईची रसद तुटली. पुढच्याच वर्षी शहरात रेशनिंग सुरू झाले. डरहॅममध्ये भात औषध म्हणून मोजून दिला जात असताना गिरणगावात तो दुर्मीळ म्हणून मोजून दिला जात होता.

१२/
१९४४ मध्ये शिकागो येथे अमेरिकन डॉक्टरांच्या परिषदेत केम्पनर यांनी आपले निष्कर्ष मांडले. आहारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली. छातीची, डोळ्यांची. अनेकांचा विश्वास बसला नाही. काहींनी तर छायाचित्रांच्या खरेपणावरच शंका घेतली. १९४८ मध्ये त्यांनी ५०० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील साठ टक्क्यांहून अधिक रुग्णांत स्पष्ट सुधारणा होती. तुलनेसाठी आहार न दिलेला गट मात्र नव्हता. तसा गट ठेवणे म्हणजे माणसे मरताना पाहत बसणे, अशी केम्पनर यांची भूमिका होती. संशोधनाच्या दृष्टीने ही उणीव मोठीच. पण ज्या रुग्णांना इतर कोणताही उपाय नव्हता, त्यांच्या बाजूने पाहिले तर तिला निव्वळ हटवाद म्हणता येत नाही.

१३/
एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या आहाराबरोबर रुग्णांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या जात आणि त्यांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आवर्जून असे. केवळ पांढऱ्या भातावर ठेवलेल्या माणसाचे काय होते, हे एव्हाना जगाला कळून चुकले होते. ते कळण्याची किंमत आशियाने मोजली होती.

१४/
१८८२ मध्ये ‘रयूजो’ हे जपानी युद्धनौकेचे प्रशिक्षणपथक टोकियोहून न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई असा प्रवास करण्यास निघाले. जहाजावर ३७६ जण. त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरीने गाठले आणि २५ दगावले. पाय सुन्न होणे, अंगावर सूज, शेवटी हृदय बंद पडणे असा हा रोग. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांना संशय आला तो आहाराचा. खलाशी पांढऱ्या भातावर जगत होते. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवण्यात आले, फरक फक्त शिध्यात. मांस, दूध, बार्ली आणि कमी भात. एकही माणूस बेरीबेरीने मेला नाही.

१५/
ताकाकींचा उपाय बरोबर होता आणि कारणमीमांसा चुकीची. प्रथिने कमी पडल्याने हा रोग होतो, असे ते मानत. त्यामुळे सैन्यातील वैद्यांना ते पटवता आले नाही. मोरी रिंतारो, जे जपानी साहित्यात मोरी ओगाई या नावाने अजरामर झाले, ते सैन्याचे वरिष्ठ वैद्य आणि जर्मन जंतुशास्त्राचे पाईक. रोग जंतूनेच होतो, ही त्यांची धारणा. शिवाय खेड्यातून भरती झालेल्या गरीब तरुणाला पांढरा भात रोज मिळणे हेच सैन्याचे मोठे आकर्षण होते. तो काढून घ्यायचा कसा? १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानी सैन्याचे सुमारे २७,००० जवान बेरीबेरीने मरण पावले. नौदलात मात्र हा रोग जवळपास नव्हता.

१६/
उलगडा झाला तो जावा बेटावर, कोंबड्यांमुळे. बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेता कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि सरकारी भात खासगी कोंबड्यांना घालायला त्याने नकार दिला. मग त्या सडीच्या तांदळावर परतल्या नि सुधारल्या. एका आचाऱ्याच्या काटेकोरपणाचे वैद्यकावर इतके उपकार क्वचितच झाले असतील. पुढे आदोल्फ फोर्डरमान यांनी जावातील शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, कोंडा असलेला तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत सुमारे दहा हजारांमागे एकाला. आइकमान यांना १९२९ चे नोबेल मिळाले.

१७/
या इतिहासात कोकण आणि गोवा येथील वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात चिनी मजूर बेरीबेरीने मरत होते आणि रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर सुरक्षित होते. दोघेही भातावरच जगत. चिनी मजूर सयामचा गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ खात. तमिळ मजुरांना लागे तो उकडा तांदूळ. साळ भिजवून, उकडून, वाळवून मग तिचे टरफल काढले की कोंड्यालगतच्या थरातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि नंतर तांदूळ कितीही सडला तरी त्याचा बराच भाग शाबूत राहतो. सिंधुदुर्गात न्याहारीला उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या शेतकऱ्याने हे कधी कुठे वाचले नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की पेज पोटात असली की दुपारपर्यंत नांगरणी निभावते.

१८/
सडण्याचा प्रश्न महाराष्ट्रात राजकीयही झाला. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला. त्याचे मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत. हातसडीचा तांदूळ हा त्याच्या पहिल्या मोहिमांपैकी एक. गिरणीच्या पॉलिशने तांदळातील सत्त्व जाते आणि कांडणावर पोट भरणाऱ्या बायकांचा रोजगारही जातो, असा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. हातसडीचा तांदूळ आज वातानुकूलित दुकानांत पांढऱ्याच्या दुप्पट भावाने मिळतो. कांडणाऱ्या बायका त्या व्यवहारात कुठेच नाहीत.

१९/
इकडे वसाहतवादी आहारशास्त्रही भाताला गुण देत होते ते कमीच. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या निरनिराळ्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचा आहार घातला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मद्रासी आणि बंगाली आहारावरचे सर्वांत किरकोळ. निष्कर्ष गव्हाच्या बाजूने वाचला गेला. परंतु शीख आहारात गव्हाबरोबर दूध, लोणी, डाळ आणि ताज्या भाज्या होत्या. भाताच्या आहारात त्यांची वानवा होती. भात दोषी की दुधाचा अभाव, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. ब्रिया-सावारँचा जुना ग्रह मात्र या निमित्ताने नव्या आकड्यांनी सजला.

२०/
पुन्हा डरहॅम. १९५८ मध्ये लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी क्लोरोथायझाइड ही गोळी बाजारात आली आणि रक्तदाबासाठी अळणी भात खाण्याची सक्ती संपली. कोणीही शहाणा माणूस गोळीच निवडेल. केम्पनर यांचा भात मात्र संपला नाही, कारण दरम्यान आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. साखरेचा रतीब कमी केला, भात मोजून दिला, की लठ्ठ रुग्णांचे वजन झपाट्याने उतरत होते. १९५८ मध्येच त्यांनी मधुमेहाच्या १०० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. भात, फळे आणि साखर खाऊन अनेकांची रक्तशर्करा घटली होती व इन्सुलिनची गरज कमी झाली होती. हे त्या काळच्या सर्व समजुतींच्या विरुद्ध होते.

२१/
गावात ‘राइस हाउस’ उभी राहिली. खासगी घरांतून खानावळी चालत, जेथे पथ्याचाच भात मिळे. रुग्ण परस्परांना ‘राइसर्स’ म्हणत. सकाळी वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी. लघवीतील क्लोराइडचे प्रमाण पाहिले की आदल्या दिवशी कोणी चोरून खारवलेले शेंगदाणे खाल्ले, ते लगेच उघडकीस येई. दिवसभर चालणे. पुन्हा भात आणि फळ.

२२/
१९७५ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात केम्पनर आणि सहकाऱ्यांनी किमान ४५ किलो वजन घटवलेल्या १०६ रुग्णांचा अहवाल दिला. सरासरी घट ६३.९ किलो. त्यांपैकी ४३ जण सर्वसाधारण वजनापर्यंत पोहोचले. आकडे थक्क करणारे आहेत, पण ते वाचताना एक भान हवे. ही निवड यशस्वी रुग्णांची आहे. जे मध्येच कंटाळून घरी गेले, ते या यादीत येणारच नाहीत.

२३/
मग वजन उतरवले कोणी? भातात काही गूढ गुण होता का? कोरड्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. गुण होता तो बाकी सगळे काढून टाकण्यात. चरबी नाही, म्हणजे त्याच पोटभर घासात कॅलरी निम्म्या. मीठ नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात अंगात साठलेले पाणी उतरते आणि काटा धडाधड खाली येतो. ते पाणी असते, मेद नव्हे. तिसरे कारण सर्वांत साधे. अळणी, बिनफोडणीचा, बिनतुपाचा भात माणूस किती खाणार? भूक भागते, वासना भागत नाही आणि हात थांबतो. वजन घटवणाऱ्यांना दिवसाला मिळणाऱ्या कॅलरी हजाराच्या बऱ्याच खाली ठेवल्या जात. एवढ्या अल्प प्रथिनांवर मेदाबरोबर स्नायूही झिजतो. म्हणूनच हे सारे डॉक्टरांच्या रोजच्या नजरेखाली चाले आणि घरच्या घरी करण्याजोगे ते तेव्हाही नव्हते, आजही नाही.

२४/
नजरेखाली या शब्दाला एक काळी बाजूही आहे. केम्पनर यांची रुग्णांवरील हुकमत जबर होती. पथ्य मोडणाऱ्यावर ते संतापत. १९९० च्या दशकात एका माजी रुग्ण महिलेने त्यांच्याविरुद्ध शोषणाचा दावा दाखल केला. त्या प्रकरणात, पथ्य मोडणाऱ्या काही रुग्णांना आपण चाबकाने मारले होते, हे केम्पनर यांनी मान्य केले. ते रुग्णांच्या भल्यासाठीच होते, असे त्यांचे म्हणणे. १०६ रुग्णांच्या तक्त्यात ‘प्रोत्साहन’ हा उपचाराचा एक भाग म्हणून नोंदलेला आहे. तो शब्द यानंतर पूर्वीसारखा वाचता येत नाही.

२५/
भाताची आजची बदनामी मात्र बँटिंगकडून किंवा मॅककॅरिसनकडून थेट आलेली नाही. ती आली टोरंटोहून. १९८१ मध्ये डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही मोजपट्टी मांडली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती चढते, त्याची ग्लुकोजशी तुलना. ६२ पदार्थांचा तो पहिला तक्ता. त्यात पांढरा भात ७२, तपकिरी भात ६६. हे आकडे पुढे हजार वेळा उद्धृत झाले. त्याच तक्त्यातील एक ओळ सहसा वगळली जाते. सबंध गव्हाच्या पिठाचा पाव, ७२.

२६/
कोणता भात, हा प्रश्न त्यानंतरच्या संशोधनाने अधिक नेमका केला. तांदळातील पिष्ट दोन प्रकारचे असते. अमायलोज जास्त असले की भात मोकळा होतो, दाणा दाण्याला चिकटत नाही आणि साखर सावकाश चढते. अमायलोज कमी असले की भात मऊ, चिकट होतो आणि लवकर पचतो. म्हणजे आंबेमोहराच्या वंशातल्या इंद्रायणीचा जो मऊपणा मावळात जिवापाड जपला जातो, तोच या हिशेबात उणा ठरतो. उकड्या तांदळाचे पिष्ट उकडून-वाळवून घट्ट झालेले असते, त्यामुळे तो बहुधा सावकाश पचतो. शिजवून थंड केलेल्या भातातले थोडे पिष्टही पचनाला दाद देत नाही. हातसडीच्या तांदळात तंतुमय भाग अधिक, चावणे अधिक, म्हणून पोट लवकर भरल्याची जाणीव. कॅलरी मात्र या सर्वांत जवळजवळ सारख्याच. लाल, तपकिरी, पांढरा यांतून निवड केल्याने पोषण बदलते. वजनाच्या काट्यावर त्याचा परिणाम लहान आहे.

२७/
भाताला निर्दोष ठरवण्याची घाईही नको. २०२० मध्ये २१ देशांतील १,३२,३७३ लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिवसाला ४५० ग्रॅम वा अधिक शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी जास्त आढळला. दक्षिण आशियात ही वाढ एकसष्ट टक्के होती. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. तरी बैठे काम, ताटातील तीन चतुर्थांश भाग भात आणि डाळ नावापुरती, असे जेवण जिथे रोजचे आहे, तिथे हा आकडा बाजूला सारता येणार नाही. नांगरणाऱ्याची पेज आणि संगणकापुढे बसणाऱ्याचा भात यांत तांदूळ तोच असला तरी जेवणारा तोच नाही.

२८/
उलट बाजूला जपान आहे. १९६२ मध्ये तेथे माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खाल्ला जात होता. आज तो निम्म्याहून कमी आहे. या काळात जपानी पुरुषांचे सरासरी वजन घटले नाही, वाढले. भात कमी झाला त्या जागी मांस, तेल आणि गव्हाचे पदार्थ आले. एवढे होऊनही लठ्ठपणाचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. छोटी वाटी, भरपूर भाजी, मासे आणि भरपूर चालणे यांचा त्यातला वाटा भाताच्या रंगापेक्षा मोठा असावा.

२९/
मराठी ताटात तर भात एकटा कधीच येत नाही. पहिला भात वरण-तुपाचा, मधला आमटीचा किंवा कढीचा, शेवटचा ताकाचा. सणाला मसालेभात आणि त्यावर पुन्हा तूप. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी. त्यावर सोडलेल्या एका मोठ्या चमचाभर तुपातही जवळपास तेवढ्याच. भात सोडण्याचा निश्चय करणारे बहुधा हे तूप पोळीवर घेतात.

३०/
केम्पनर १९९७ मध्ये डरहॅममध्येच, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. १९४२ साली दोन आठवड्यांऐवजी दोन महिने भात खाऊन परतलेल्या त्या स्त्रीचे नाव त्यांच्या लेखनात आलेले नाही. आहे ती फक्त तिच्या डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे. पहिल्यात रक्ताचे डाग आहेत, दुसऱ्यात नाहीत.